तिसऱ्या मतदारसंघाचा उजवा डोळा

बाबाजी मेस्त्रीने जन्मात मत दिलं ते एकदाच. तेही ग्रामपंचायतीला, आणि ज्याला दिलं तो सख्खा मावसभाऊ नेमका पडला. त्यानंतर बाबाजी दुबईला गेला तो गेलाच. गावी निवडणूक लागायची तेव्हा याची सुट्टी संपलेली असायची, आणि हा सुट्टीवर जायचा तेव्हा नाक्यावर फाटके बॅनर तेवढे उरलेले असायचे. पण इंटरनॅशनल सिटीतल्या त्याच्या खोलीवर जाऊन निवडणुकीचा एक शब्द काढून बघा. हातातला घास ताटात ठेवून तो तुम्हाला जपानमधल्या एका मतदारसंघाची तीस वर्षांची कुंडली मांडून दाखवील. कोण कधी पडलं, कोणाच्या आजोबांनी पूल बांधला, कोण पडूनही खुर्चीत जाऊन बसलं. अर्धं बरोबर सांगेल, अर्धं स्वतःच्या पदरचं. त्याच्या खोलीतल्या पाच जणांना आता तो मतदारसंघ आपल्या तालुक्यापेक्षा जास्त पाठ आहे, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात बाबाजीविषयी फारसं प्रेम नाही.

हे खूळ लागलं ते मिनागावा साहेबांमुळे. बाबाजी ड्रायव्हर, पाणी उपसायचे मोठे पंप विकणाऱ्या एका जपानी कंपनीत. ऑफिस शारजात, साहेबांचं घर दुबईत. ज्याने संध्याकाळी शारजाहून दुबईचा रस्ता कापलाय त्याला ठाऊक आहे की तिथे गाडी चालवायची नसते, गाडीत बसायचं असतं. शेजारच्या गाडीतला माणूस दाढी करून पुन्हा वाढवील इतका वेळ मिळतो. मिनागावा साहेब मुळात अबोल, पण ट्रॅफिकने भल्याभल्यांना बोलकं केलंय. बायको टोकियोत, मुलगी कॅनडात, मित्र नाहीत. मग साहेब बोलायचे ते एकाच विषयावर. त्यांच्या गावाकडच्या ‘नंबर थ्री’वर.

नंबर थ्री म्हणजे त्यांच्या जिल्ह्यातला तिसरा मतदारसंघ. भातशेती, एक नदी, मासळीचा एक कारखाना आणि वर्षातले चार महिने गुडघाभर बर्फ. पूर्वी एका मोठ्या भागातून चार-पाच जण निवडून जायचे, सगळ्यांचं भागायचं. मग तीस वर्षांमागे कायदा बदलला आणि एका मतदारसंघातून एकच माणूस असं ठरलं. त्या एका खुर्चीवर जे ओनुमा आजोबा बसले, ते हलेचनात.

“ओनुमा वन, बिग ब्रिज,” साहेब सांगायचे. “ब्रिज, टनेल, ब्रिज. नदी स्मॉल. ब्रिज मेनी.”

बाबाजीला यात काहीच नवल वाटलं नाही. नदी नसताना पूल बांधणारे पुढारी त्याने पाहिले होते. आजोबा वारले तेव्हा मुलगा उभा राहिला. त्याला भाषण येत नसे. सभेत उभा राहून तो नुसता कमरेतून वाकायचा, आणि लोक डोळे पुसत मत द्यायचे. घराणेशाही ही आपल्याकडचीच शेती असा आपला उगाच समज असतो. जपानी लोक ती अधिक व्यवस्थित करतात, एवढंच.

बाबाजीला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टींचं. एक तर तिथे निशाणी नाही. कमळ, पतंग, शिट्टी, कपबशी काही नाही. मतदाराने आत जाऊन आपल्या हाताने उमेदवाराचं नाव लिहायचं. “और जिसको लिखने नहीं आता?” असं त्याने विचारलं, तेव्हा साहेबांना प्रश्नच समजला नाही. दुसरं, दारोदार जाऊन मत मागायला बंदी. बाबाजीने ब्रेक मारून मागे पाहिलं. घरी जायचं नाही? मग चहा कुठे प्यायचा? म्हातारीच्या पाया कुठे पडायचं? उमेदवाराने पांढरे हातमोजे घालून गाडीतून हात हलवत दिवसभर स्वतःचंच नाव ओरडत फिरायचं. असं कोणी आपल्या गावात केलं असतं तर लोकांनी मांत्रिक बोलावला असता.

पण सगळ्यांत मोठा धक्का पुढेच होता. अल ऐनच्या एका मोठ्या बागेत कंपनीचे पंप होते. महिन्यातून एकदा साहेबांना तिकडे न्यावं लागे. त्या सरळसोट रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी वाळू आणि मध्येच एखादा उंट, साहेबांनी त्याला ओनुमा दोनच्या पराभवाची कथा सांगितली. देशभर बदलाचं वारं आलं. दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारा एक देखणा तरुण उभा राहिला आणि त्याने ओनुमाला धूळ चारली. बाबाजीने आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली.

“बट ओनुमा ऑल्सो केम,” साहेब म्हणाले.

“किधर आया, सर?”

“पार्लमेंट.”

मग साहेबांनी ते गणित समजावलं. तिकडे लोक दोन मतं देतात, एक माणसाला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांवर आणखी काही खुर्च्या मिळतात. त्या खुर्च्यांवर पक्ष आपल्या पडलेल्या माणसांना बसवतो. पडलेल्यांतला जो सगळ्यांत कमी फरकाने पडला, तो आधी उठतो. बाबाजीला हे पचायला अल ऐनपासून थेट दुबईपर्यंतचा रस्ता लागला. त्याचा मावसभाऊ चार मतांनी पडला होता. जपानात असता तर आज सरपंच असता.

हवामानवाला पुढच्याच वेळी पडला, आणि तो मात्र उठला नाही. ओनुमा परत आले. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा, अमेरिकेत शिकलेला, ओनुमा तीन. आणि त्याच्यासमोर दरवेळी उभी राहायची ती हायासे फुमिको. शाळेत मिनागावा साहेबांच्या वर्गातली. बाप टोफूवाला, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर करून विकणारा. ती स्वतः गावातल्या वाचनालयात होती. वाचनालय बंद करून तिथे ओनुमांनी आणखी एक पूल मंजूर केला, तेव्हा ही बाई चवताळून उठली. पहिल्यांदा आपटली. दुसऱ्यांदा जरा कमी आपटली. तिसऱ्यांदा त्याहून कमी. साहेब तिच्याबद्दल बोलायला लागले की त्यांचं इंग्रजी सुधारायचं. बाबाजीने यातून जो अर्थ काढला तो त्याने खोलीवर सांगितला. साताऱ्याचा नीलेश, एसी दुरुस्त करणारा, म्हणाला, “काका, तुमचा साहेब गेला कामातून.” मला विचाराल तर त्यात तसलं काही नव्हतं. गावाकडचं एक माणूस वारंवार पडतंय आणि तरी उठतंय, एवढंसुद्धा परदेशात माणसाला धरून ठेवायला पुरतं.

त्या ऑक्टोबरात जपानमध्ये अचानक निवडणूक लागली. प्रचाराला बारा दिवस. फुमिको चौथ्यांदा उभी राहिली. आणि इथपर्यंत नुसता ऐकणारा बाबाजी स्वतः त्या मतदारसंघात शिरला. कसा, ते सांगतो.

बाबाजीच्या घरी पिढीजात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. कुडाळजवळच्या त्याच्या गावात नागपंचमीपासून घरात माती, रंग आणि गिऱ्हाइकं. मूर्ती कोणीही घडवो, डोळ्यांची आखणी मात्र वडील करायचे. त्यांचा नियम होता : एक डोळा काढून उठायचं नाही. पाहुणा येवो, छप्पर गळो, दुसरा डोळा काढूनच कुंचला खाली ठेवायचा. एका डोळ्याचा देव ठेवणं म्हणजे देवाला अर्धवट झोपेतून उठवणं. पोरगेला असताना बाबाजीने एकदा वडील जेवायला गेल्याचं पाहून खोतांच्या गणपतीचे डोळे काढले. गणपती चकणा झाला. एक डोळा मोदकाकडे, दुसरा थेट खोतांच्या सुनेकडे. खोतांनी मूर्ती परत पाठवली, गावभर हसं झालं, आणि वडील म्हणाले, “ह्या हाताक डोळो नाय.” त्या दिवसापासून डोळे थोरल्या भावाकडे, रामेश्वरकडे, आणि बाबाजीकडे उंदीर. बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत त्याने फक्त उंदीर रंगवले, मग कंटाळून ड्रायव्हिंग शिकला. वडील गेले. शाळा आता रामेश्वर चालवतो. पण ते वाक्य बाबाजीच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच.

निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी दुपारी तो साहेबांच्या केबिनमध्ये धूळ पुसायला गेला. टेबलावर लाल रंगाची, गोल गरगरीत, हातपाय नसलेली एक दाढीवाली बाहुली. चेहरा उग्र. एका डोळ्यात काळ्या शाईचा ठसठशीत ठिपका, दुसरा डोळा पांढराफटक. शेजारी कुंचला, उघडी शाई, आणि साहेब गायब. त्यांना फोन आला म्हणून ते घाईने खाली गोदामात गेले, आता संध्याकाळपर्यंत तिकडेच, असं शिपाई म्हणाला.

झालं. बाबाजीच्या मते सरळ होतं. बिचारे साहेब देवाचा डोळा काढता काढता उठले. दुसरा कोणी असता तर धूळ पुसून निघून गेला असता. बाबाजीच्या अंगावर काटा आला. त्याने चपला काढल्या, हात धुतले आणि कुंचला उचलला. टोक बाटलीच्या काठावर बारीक करून घेतलं. कमळाच्या पाकळीसारखा लांबट डोळा, वर किंचित जड पापणी, कोपऱ्यात बारीक शेपटी. वडील काढायचे तस्साच. मागे सरून त्याने पाहिलं. बाहुलीचा एक डोळा कर्जवसुलीला आल्यासारखा वटारलेला, आणि दुसरा आपल्या कोकणातल्या गणपतीचा, शांत, पाणीदार. दोन्ही एकमेकांना शोभत नव्हते, पण काढलेला डोळा सरळ होता. बाबाजीला इतकं बरं वाटलं की त्याने शाईच्या बाटलीचं झाकणसुद्धा नीट लावून ठेवलं.

संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये साहेब म्हणाले, “बाबाजी, केबिनमध्ये दारुमा. यू सॉ?”

“यस सर!” बाबाजी खुलला.

“इलेक्शन स्टार्ट, लेफ्ट आय. फुमिको-सान विन, राइट आय. धिस इज कस्टम.” साहेब खिडकीबाहेर पाहत होते. “थ्री टाइम्स, वन आय. थ्री टाइम्स, टेम्पल, फायर.”

बाबाजीने आरशातून मागे पाहिलं. “सर, और अगर… राइट आय पहिले किया तो?”

“बिफोर विन?” साहेबांनी हवेत हात फिरवला. “व्हेरी बॅड. फिनिश.”

गाडीने असा गचका खाल्ला की मागच्या गाडीतल्या पठाणाने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, हे बाबाजी लहानपणापासून ऐकत आला होता. ते आपल्यासाठीच केलेलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आता एकच गोष्ट उरली होती. ती बाई निवडून आली पाहिजे. ती आली तर डोळा काढायचाच होता, चार दिवस आधी काय आणि नंतर काय. ती पडली तर वडिलांचं वाक्य खरं, तेही आता सातासमुद्रापार. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण नोकरी गेली तर दुसरी मिळते. अपशकुनी हाताला दुसरा हात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आत त्याने बाहुली कपाटावर अशी ठेवली की खुर्चीतून फक्त डावा गाल दिसावा. साहेब आल्या आल्या थबकले.

“सर, वास्तू,” बाबाजी म्हणाला. “इंडियन सायन्स. फेस ईस्ट, गुड रिझल्ट.”

साहेब हसून उडवून लावतील असं त्याला वाटलं. पण जपानी माणूस दिशेची थट्टा करत नाही. त्यांनी फोनवरचं होकायंत्र उघडून पूर्व तपासली, बाहुली आणखी थोडी सरळ केली, सुदैवाने मागून, आणि लगेच जपानला फोन लावला. पाच मिनिटांनी आनंदाने म्हणाले, “फुमिको-सान ऑफिस ऑल्सो, नाऊ ईस्ट.” एक खोटं बोलायला जावं तर ते असं विमानाशिवाय परदेशी जातं. बाबाजीने मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

नीलेशने सुचवलं तसं शुक्रवारी दोघे तशीच दुसरी बाहुली शोधायला ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारात गेले. जगातली प्रत्येक वस्तू तिथे मिळते, फक्त जी शोधायला जावं ती सोडून. हात हलवणारी मांजर होती, पोट सुटलेला हसरा म्हातारा होता, तीन पायांचा बेडूक होता. शेवटी एका चिनी दुकानदारिणीने कोपऱ्यातून लाल दारुमा काढला. बाबाजीने आनंदाने तो फिरवून पाहिला. दोन्ही डोळे कारखान्यातूनच छापून आलेले. आधीच जिंकून बसलेली बाहुली काय कामाची?

“हबीबी, नो आय? विदाउट आय?” नीलेशने डोळ्यांवर हात ठेवून विचारलं. बाईने त्यांना बोट करून चष्म्याच्या दुकानाकडे पाठवलं.

“काका, सिंपल आहे,” परत येताना नीलेश म्हणाला. “ऑफिसात ती व्हाइटनर असते ना, चुका पुसायची? एक टिपका मारा, खलास.”

बाबाजीने ती उपाययोजना घरी रंभाला फोनवर सांगितली. बायको म्हणजे शेवटी सुप्रीम कोर्ट. तिने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग कडाडली, “अवो, देवाचो डोळो कोण पुसता काय? काढलात तो काढलात. आता ती बाई निवडून येवक व्हयी, इतक्याच. मी देवीक गाऱ्हाणां घालूक सांगतंय.”

आणि तिने ते खरंच घातलं. ग्रामदेवी सातेरीच्या देवळात, देवीपुढे गाऱ्हाणं म्हणणाऱ्या गावकरांना नारळ देऊन उभी राहिली. गावकर जुने, त्यांनी रीतसर चौकशी केली. बाई आपल्यातली काय? नाही. पक्ष खयचो? ठाऊक नाही. अडचण वेगळीच होती. सातेरीचा अंमल गावच्या शिवेपर्यंत, जपान त्यात येत नाही. गावकरांनी क्षणभर डोळे मिटले आणि तोडगा काढला. मग रंभाने फोन धरून ठेवला आणि इंटरनॅशनल सिटीतल्या बंक-बेडवर बसून बाबाजीने ऐकलं :

“बा देवा म्हाराजा! आमचो बाबाजी परमुलखात रवान पोटाक मिळवता. तेच्या हातसून कळत-नकळत जी काय चूक झाली असात, ती पदरात घे. आणि थयसर जपानात जी फुमिको बाय उभी रवली हा, तिका तिथल्या देवांका सांगून निवडून हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” देवळातली माणसं म्हणाली. खोलीतले पाच जणही म्हणाले. त्यांतला एक केरळचा होता, तोही म्हणाला.

मधल्या दिवसांत बाबाजी साहेबांना घेऊन जपानी वकिलातीत गेला. परदेशातल्या नागरिकांना तिथे आधी मत देता येतं. साहेब कोट-टाय घालून आत गेले आणि बाबाजी पार्किंगमध्ये बसून राहिला. एक माणूस आत आपल्या हाताने एक नाव लिहितोय, एवढंच घडत होतं. पण स्वतःचं एकुलतं एक मत घालतानाही बाबाजीला एवढी धडधड झाली नव्हती.

मतदान रविवारी. जपानात रात्री आठला पेट्या बंद होतात तेव्हा शारजात दुपारचे तीन. ऑफिसला सुट्टी, पण साहेब केबिनमध्ये आले, कारण दारुमा तिथे होता. कुंचला, शाई, रेशमी कापड मांडून ठेवलं. बाबाजीला म्हणाले, “सिट.” साहेबांनी खुर्ची दिली हे पाहून त्याला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दरवेळी तीनच्या ठोक्याला टीव्हीवर ओनुमांच्या फोटोवर जिंकल्याचं फूल लागायचं. मोजणी सुरू व्हायच्या आत निकाल. यावेळी फूल लागेना. साडेतीन झाले. चार झाले. ओनुमा पुढे, मग फुमिको पुढे, मग ओनुमा. बाबाजीला अक्षर कळत नव्हतं, पण आकडे सगळ्या जगात सारखेच. तो एकेका आकड्याला सातेरीपासून वेतोबापर्यंत ज्या देवांची नावं येत होती त्यांना हाका मारत होता. साहेबांचा हात खुर्चीवर घट्ट. शारजाच्या त्या रिकाम्या ऑफिसात दोन माणसं एका बर्फाळ मुलखातल्या भातशेतकऱ्यांच्या मतांवर जीव टांगून बसली होती, आणि त्या शेतकऱ्यांना त्याची कल्पनासुद्धा नव्हती.

पाचच्या सुमारास फूल लागलं. ओनुमाला.

साहेब उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, कापड उचललं आणि कपाटाकडे निघाले. बाहुली गुंडाळायची, पेटीत ठेवायची, देवळाच्या आगीसाठी. बाबाजी उठला आणि कपाटासमोर आडवा उभा राहिला.

“सर, मेरे वजह से गिरी वो.”

“व्हॉट?”

“राइट आय, सर. मैंने किया. पहिलेच दिन. मेरे को मालूम नहीं था. मेरे हाथ में… मेरे फादर बोलते थे, इस हाथ में डोळा नहीं है.” त्याला हुंदका आला. पन्नाशीचा माणूस, पण लाज वाटली नाही. “और वास्तू ऑल्सो लाय, सर.”

साहेबांनी त्याला हळूच बाजूला केलं आणि बाहुली फिरवली.

त्यांनी ती अगदी डोळ्यांजवळ नेली. बाबाजीने दोनदा तोंडातल्या तोंडात राजीनामा तयार केला, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. साहेबांनी बाहुली खाली ठेवली, वर उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. मग फोन काढून तिचा फोटो काढला आणि कुठेतरी पाठवला. शेवटी म्हणाले, “टी.” बाबाजीने चहा केला. आयुष्यात एवढी साखर त्याने कधी घातली नव्हती. दोघांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

मगरिबची, म्हणजे दिवेलागणीची, अजान होऊन बराच वेळ झाला होता, तेव्हा फोन वाजला. साहेब ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. ते जपानीत ओरडत होते आणि बाबाजीला वाटलं कोणी मेलं. मग त्यांनी फोनवर हात ठेवला.

“पार्टी लिस्ट! लास्ट सीट! मोस्ट स्मॉल लूज! फुमिको-सान, पार्लमेंट!”

पडलेल्यांत सगळ्यांत कमी पडलेली ती. म्हणून ती उठली. बाबाजीने आधी देवीला हात जोडले आणि मग त्याला भान आलं की पडली हेही खरंच आहे. आता हा डोळा शकुनाचा की अपशकुनाचा?

हाच वाद तिकडे तिच्या ऑफिसातही पेटला होता. साहेबांनी व्हिडिओ लावला. मागे म्हातारी माणसं तावातावाने भांडत होती. तिसरा मतदारसंघ ओनुमाकडेच गेला, तेव्हा दुसरा डोळा काढायचा नाही, असं एक गट म्हणत होता. खुर्ची मिळाली ना, मग काढा, असं दुसरा. आणि मध्ये एक बुटकी बाई, पांढरे हातमोजे अजून हातात, बारा दिवस स्वतःचं नाव ओरडून आवाज पार बसलेला. ती कुजबुजत बोलत होती आणि साहेब बाबाजीला सांगत होते.

“शी से, नंबर थ्री नो विन. सो हर दारुमा, नो राइट आय. नेक्स्ट टाइम.”

बाबाजीने मान खाली घातली.

“ऑल्सो शी से, हर ऑफिस, ईस्ट इज टॉयलेट. ट्वेल्व्ह डेज दारुमा लुकिंग टॉयलेट.” साहेब हसायला लागले होते. त्यांना हसताना बाबाजी पहिल्यांदाच पाहत होता. फुमिकोबाई पुढे काहीतरी बोलली, थांबली, बाहुलीकडे बोट केलं. साहेबांचं हसू ओसरलं.

“बट धिस वन, शी से, ओके. सीट केम फ्रॉम आउटसाइड. आय ऑल्सो केम फ्रॉम आउटसाइड. डोंट बर्न. कीप.” त्यांनी शब्द शोधले. “शी से, लेफ्ट आय अँग्री. ऑल दारुमा अँग्री. राइट आय… राइट आय आस्किंग हर, फूड? यू ईट, ऑर नो ईट?”

बाबाजीने मान वर केली. वडील आखणी करताना हेच म्हणायचे, की दारात येणाऱ्याला देवाने आधी जेवलास का असं विचारलं पाहिजे. साहेबांना हे सांगायला त्याच्याकडे ना हिंदी होती ना इंग्रजी.

पडद्यावरची बाई कमरेतून खाली वाकली आणि काहीतरी म्हणाली.

“शी से, थँक यू, आर्टिस्ट,” साहेब म्हणाले.

बाबाजीने मागे वळून पाहिलं, कोण आलं ते. मागे फाइलींचं कपाट होतं.

खोलीवर परत आल्यावर सगळ्यांना आधी निकाल हवा होता. “पडली की आली?” नीलेशने विचारलं. “पडली आणि आली,” बाबाजी म्हणाला, आणि तो त्याला समजावत बसला नाही. रंभाला फोन करून गावकरांना नारळ पोचवायला सांगितलं. मग जिन्यात जाऊन त्याने रामेश्वरला फोन लावला. थोरला भाऊ झोपायच्या तयारीत होता. एवढ्या उशिरा फोन, म्हणजे पैसे किंवा मरण, अशा आवाजात तो “काय रे?” म्हणाला.

“दादा, माझो डोळो निवडून इलो.”

बाबाजीने सगळं सांगितलं. तिसरा मतदारसंघ, पूल, हवामानवाला, गाऱ्हाणं, फुमिकोबाई. सांगताना तो दोनदा रडला आणि एकदा इतका हसला की वरच्या मजल्यावरचा माणूस दार उघडून बघून गेला. रामेश्वरने सगळं ऐकून घेतलं. त्याला त्या खोतांच्या गणपतीचा दिवस ठाऊक होता. कुंचला त्या दिवशी बाबाजीच्या हातातून काढून वडिलांनी रामेश्वरच्याच हातात दिला होता.

“फोटो धाड,” शेवटी तो म्हणाला.

बाबाजीने धाडला आणि फोन कानाला लावून जिन्यात उभा राहिला. खाली कोणीतरी भाजी फोडणीला टाकली होती, तिचा ठसका वर येत होता. पलीकडे रामेश्वरने चष्मा शोधला, लावला, फोटो मोठा केला. पस्तीसेक वर्षं त्याने हजारो डोळे काढले होते. कोणाच्या डोळ्याला त्याने कधी बरं म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

“सरळ हा रे,” रामेश्वर म्हणाला.